सोवळ्यातली वजनं

मला माशाच्या वासाची किळस येते, हे खोटं मी चेन्नईत अडीच वर्षं पाळलं. तोंडाने एकदाच बोललो होतो. पुढचं सगळं रुमालाने निभावलं. मासळीबाजारातला वजनकाटा दुरुस्तीला आला की मी आधी खिशातून रुमाल काढायचो, नाकावर धरायचो, मान फिरवायचो आणि मालक बघतायत ना याची खात्री करून घ्यायचो. आज ते सगळं आठवलं की किळस येते ती त्या रुमालाची.

मी मालवणकडचा. आमच्याकडे पोराला दात फुटले की पहिला घास वरणभाताचा देतात आणि दुसरा काटे काढलेल्या मुडदुशाचा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, गावात टीव्ही उघडण्यापलीकडे काही काम दिसेना, म्हणून ओळखीच्या ओळखीने गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा वर्कशॉपमध्ये चिकटलो. काम इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करण्याचं. मालक तंजावरकडचे मराठी, साठीच्या आसपासचे. त्यांच्या घराण्याने महाराष्ट्र सोडून किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नसे, पण घरात मराठी टिकली होती. बोलायला लागले की पोथी उघडल्यासारखं वाटायचं, आणि मधेच तमिळ शब्द टपकायचा.

"तुम्ही मासोळी-बिसोळी खातां कीं?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. "नाहीं तर आमचे घरीं, अड्यारला, माडीवर खोली आहे. भाडें नको. आपला मनुष्य परक्याचे घरीं कां राहावा?"

फुकटची खोली, रात्रीचा रसमभात आणि परगावी मराठीत कुणीतरी "आपला मनुष्य" म्हणणारं. "नाही काका," मी म्हणालो, "मला तर वासही सहन होत नाही." एवढं बोलायची गरज नव्हती. पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. मला ताप आला तेव्हा तीन दिवस स्वतः जिना चढून मिरीचं रसम आणून देत होते. म्हणूनच पुढचं सांगताना माझी जीभ कडू होते. आईने एकदा गाववाल्याबरोबर सुके बांगडे पाठवले, कागदात बांधून, वर पिशवी, तिच्यावर आणखी पिशवी. मी ते खोलीवर नेलेच नाहीत. गिंडी स्टेशनबाहेरच्या कचऱ्याच्या पेटीत टाकले आणि आईला फोनवर सांगितलं, छान होते. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिलेत. मी तर भांडंच फेकून दिलं.

वर्कशॉपमधली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे वजनं. पितळी, सरकारी शिक्क्याची, पाच किलोपासून दहा ग्रॅमपर्यंत, लाल मखमल लावलेल्या लाकडी पेटीत. काटा दुरुस्त केला की त्याच्यावर ही वजनं ठेवून त्याला शिकवावं लागतं: हा बघ एक किलो, हे बघ दोन. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, आमच्या हत्यारांमध्ये पहिला मान या वजनांचा. चिंचेने घासून लखलखीत करायची, हळदकुंकू, पुढे चुरमुरे आणि केळी, दाराशी केळीचे खांब. मालक त्यांना नमस्कार करायचे तेव्हा त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी यायचं. सोनाराच्या काट्यावर वजन ठेवताना हात धुवून घ्यायचा, हा नियम मला आवडायचा. कामाला त्याने एक शिस्त यायची.

दुसरा नियमही होता. मासळीच्या आणि मटणाच्या काट्याला ती वजनं लागू द्यायची नाहीत. म्हणून असले काटे दाराशी आले तरी आम्ही ते परत धाडायचो.

दोन हजार आठची गोष्ट असावी. चेन्नईच्या दक्षिणेला समुद्रकाठी कोवलम आहे, तिथे मासळी विकणाऱ्या बायकांचा एक संघ होता, त्यांनी सगळ्यांनी मिळून एकाच कंपनीचे काटे घेतले होते. समुद्राची खारी हवा, त्यात बर्फाचं पाणी, वर्ष-दीड वर्षात ते मरायला लागले. त्या बाजूचा दुरुस्तीवाला गाव सोडून गेला, तेव्हा त्या बायका बस पकडून गिंडीला यायला लागल्या. एक आली, दोन आल्या. येणारं काम कोण सोडतो? मालकांनी तोड काढली. "सरि, बरें. तें मागीलकडे ठेवा, आंत नको. आणि आमचे वजनांला तें लागूं देऊं नका. कसें करायाचें तें तुम्ही पाहा, तुम्ही शिकलेले."

मागे एक ओटा होता, पत्र्याच्या सावलीचा, शेजारी संडास. तिथे बसून मी तो पहिला काटा उघडला. आता मी किनाऱ्यावरचा माणूस आहे, ताज्या मासळीचा वास मला कधीच नकोसा झालेला नाही; पण त्या काट्याच्या पोटातला वास कुणालाही नकोसाच व्हावा. ताटाखाली महिनोन्महिने झिरपलेलं पाणी कुजून चिकट झालं होतं. सर्किटवर खवले वाळून चिकटले होते. ट्रान्सफॉर्मरची ऊब धरून झुरळांनी संसार मांडला होता, तो स्क्रूड्रायव्हर लागताच माझ्या मनगटावरून पळत सुटला. त्या दिवशी रुमालाची गरज नव्हती, मला खरोखर मळमळून आलं. पलीकडून मालक समाधानाने बघत होते.

काट्यात बिघाड फारसा नसायचा. बहुतेक वेळा एका नखाएवढ्या, आठ पायांच्या चिपची स्मृती गेलेली असायची. काट्याच्या ताटाखाली ॲल्युमिनियमचा एक ठोकळा असतो, वजन पडलं की तो केसभर वाकतो. प्रत्येक ठोकळ्याचं वाकणं वेगळं, जशी माणसाची चाल. आपला ठोकळा एका किलोला किती वाकतो, हे ती चिप लक्षात ठेवते. ती ते विसरली की काट्याला पुन्हा शिकवायचं, आणि शिकवायचं म्हणजे वजनं ठेवायची. तीच तर सोवळ्यात.

मग मी रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन यूएसबी प्रोग्रामर घेऊन आलो. बोटभर लांबीची हिरवी पट्टी, एका टोकाला कॉम्प्युटरला जोडायची यूएसबी, दुसऱ्या टोकाला सॉकेट आणि बारीकशी दांडी. चिप सॉकेटात बसवायची, दांडी खाली करायची, पडद्यावर बटण दाबायचं की चिपच्या पोटातलं सगळं समोर: आकड्या-अक्षरांच्या जोड्या, ओळीमागून ओळी. दुसरं बटण दाबलं की आपल्याला हवं ते तिच्यात लिहून टाकता येतं. खोक्यावर कुणाचं नाव नव्हतं, सोबतच्या सीडीतले अर्धे शब्द चिनी होते. पहिलीच चिप मी उलटी बसवली, ती तापून जळली आणि टेबलावर करपलेल्या केसांसारखा वास पसरला. दुसरी जमली.

मी एका वाण्याकडून आलेल्या, त्याच कंपनीच्या धड काट्याची चिप वाचली, तिची फाईल करून ठेवली आणि ती मेलेल्या काट्याच्या चिपमध्ये लिहिली. काटा जिवंत झाला. त्यावर अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी ठेवली, धड काट्यावरही तीच ठेवली, आकडा तंतोतंत एक. सुंठीवाचून खोकला गेला. वजनं पेटीतच राहिली, ताटाला पितळ लागलं नाही, पाच मिनिटांत काम. मालक इतके खूश झाले की त्या पट्टीला त्यांनी कुंकवाचं बोट लावलं.

"मंत्रासारखें आहे, पाहा!" ते म्हणाले. "एकाचे ज्ञान दुसऱ्यास."

ज्ञान कसलं, ती नक्कल होती. आणि हे मला माहीत होतं. दोन धड काट्यांच्या फायली मी शेजारी शेजारी लावून पाहिल्या होत्या. वरच्या ओळी सारख्या, शेवटच्या ओळीतल्या चार-पाच जोड्या मात्र वेगळ्या. त्याच त्या काट्याच्या स्वतःच्या. पहिल्या काट्याचा ठोकळा योगायोगाने माझ्या फाईलशी जुळला होता, एवढंच. दुसऱ्या काट्यावर दुधाच्या पिशवीने थोडा जास्त आकडा दाखवला, तिसऱ्यावर थोडा कमी. मी पिशवीला दोष दिला. दूधवाले कुठे नेमकं भरतात? आणि मासळीच तर तोलायची आहे, सोनं थोडंच, असं मनात म्हटलं. हे वाक्य माझं. मालवणच्या माणसाचं. ज्याच्या मावशीने मालवणच्या बाजारात टोपली लावून त्याची पुस्तकं घेतली, त्याचं.

असे सहा काटे मी कोवलमला परत धाडले. सहाही काट्यांत एकाच काट्याची स्मृती.

दोनेक महिन्यांनी ती आली. पन्नाशीची, काळी, सडपातळ, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, पदर कमरेला खोचलेला. काखेत काटा जुन्या साडीत गुंडाळलेला आणि हातात पिशवी. पुढच्या दाराच्या पायरीवर पाय ठेवला तशी मालकांनी आतूनच हात केला, बाहेर, बाहेर. ती खाली उतरली नाही. पायरीवरच बसली, काटा सोडला, दाराशेजारच्या प्लगात वायर खुपसली आणि पिशवीतून एक दगड काढला. गुळगुळीत, काळा, एका बाजूला घासून सपाट केलेला.

"तंबी, हा माझ्या सासूचा दगड," ती मला तमिळमध्ये म्हणाली. तंबी म्हणजे धाकटा भाऊ, एवढं कळायचं; बाकी माझं तमिळ तोडकंमोडकं, पण ती सावकाश बोलत होती. "तागडीच्या काळात सरकारी वजनाला लावून घासलेला. एक किलो. तेव्हापासून एक किलो."

तिने दगड काट्यावर ठेवला. काटा म्हणाला, एक किलो ऐंशी ग्रॅम.

"दगड जाड झाला असेल का रे?" तिने विचारलं. चिडून नाही, खरंच विचारल्यासारखं.

मग तिने सांगितलं. समुद्राकाठच्या बंगल्यांतली गिऱ्हाइकं घरी जाऊन मासळी तोलतात. भरली कमी. एकाने येऊन सगळ्यांसमोर तिला चोर म्हटलं. दुरुस्तीहून काटे इतरांचेही आलेले, पण बोंब तिच्याच काट्याची, तेव्हा तिनेच काहीतरी करवून घेतलं, असं संघातल्या बायकाही म्हणायला लागल्या. बाजाराच्या छपराखाली तिची फळी होती, आधी सासूची, मग तिची, बावीस वर्षं. संघाने तिला तिथून उठवलं होतं. येत्या रविवारी संघ बसणार आणि ती फळी दुसरीला देणार.

"मला काटा नवा नको," ती म्हणाली. "नी वंदु सोल्लु, तंबी. तू ये आणि सांग. यंत्र चुकलं, बाई नाही चुकली, एवढं सांग."

मी मालकांकडे पाहिलं. ते आतल्या खुर्चीवरून मराठीत बोलले, म्हणजे तिला कळू नये म्हणून. "कांहीं जायाचें नाहीं. आपण चुकलों म्हणून गांवभर सांगितल्यावर लायसन राहील कां? यंत्र म्हातारें झालें म्हणून सांगा. पोदुम, तेवढें पुरे."

मी काटा उचलून मागच्या ओट्यावर नेला. उघडला नाही. दहा मिनिटं त्याच्याकडे बघत बसलो. मला सगळं ठाऊक होतं, कुठली ओळ, कुठल्या जोड्या. आत पेटीत वजनं होती, दोन मिनिटांचं काम. उठून बाहेर आलो, काटा तिच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "अम्मा, मशीन म्हातारं झालंय. काही होणार नाही." म्हणताना रुमाल नाकावर होता. बोलताना तोंड झाकलेलं असलं की खोटं सोपं जातं, हे मला त्या दिवशी कळलं.

 तिने दगड पिशवीत टाकला, काटा गुंडाळला आणि ती निघाली. ती फाटकाशीही पोचली नव्हती, तोवर मालक म्हणाले, "पायरीवर पाणी टाका." मी बादली आणली आणि ती बसली होती तिथे पाणी ओतलं. पाण्याच्या आवाजाने तिने मागे वळून पाहिलं. माझ्या हातात रिकामी बादली होती.

त्या आठवड्यात मला जेवण गोड लागेना. रात्रीचं रसम समोर आलं की पायरीवरून वाहत गेलेलं ते पाणी आठवायचं. मालक विचारायचे, अंग बरं नाहीं कीं काय, मिरी जास्त घालूं कां? त्या मायेची मला शिसारी यायची आणि मग माझीच यायची, कारण जेवत तर होतो. नाकाने कांदे सोलणारा तो माणूस निदान मनापासून सोवळं पाळत होता. मी तर भाडं वाचावं म्हणून पाळत होतो. खाई त्याला खवखवे म्हणतात. माझं उलटंच, खात नसल्याचं सोंग मला खवखवत होतं.

शनिवारी संध्याकाळी वर्कशॉप बंद करायची किल्ली माझ्याकडे असायची. मी मखमलीतून एक, दोन आणि पाच किलोची वजनं काढली, टॉवेलात गुंडाळून पिशवीत भरली आणि घरी आलो. रविवारी सकाळी अड्यारहून कोवलमची बस धरली. आठ किलो पितळ मांडीवर घेऊन तासभर बसलो. शेजारच्या माणसाने विचारलं, देवाची भांडी का? मी हो म्हणालो.

छपराखाली मासळी संपत आली होती. बर्फाचं पाणी, खवले, आतडी, कावळे, आणि त्या सगळ्यावर माझ्या घरचा, मावशीच्या अंगाचा वास.  संघाच्या बायका गोल करून बसल्या होत्या. ती थोडी बाजूला, उभी. मला बघून तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

मी पाठ करून आलेलं तमिळ बोललो. "तप्पु एन्नोडदु. चूक माझी आहे. काटा मी चुकीचा भरला. या अम्मांनी काही केलं नाही."

सगळ्या हसल्या. संघाची म्होरकी, दंडावर गोंदलेली एक भक्कम बाई, म्हणाली, "किती किलो सुरमई देऊन आणलंस गं याला?" पुन्हा हसू.  हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटलं होतं, मी कबूल केलं की काम झालं. कबुलीलाही वजन लागतं, आणि माझ्या शब्दाला ते नव्हतं.

तेव्हा ती पुढे आली. कुणालाही न विचारता पिशवीतून दगड काढला आणि म्होरकीच्या काट्यावर ठेवला. हाताच्या काकणाला आरसा कशाला. एक किलो एकशे दहा ग्रॅम.

म्होरकीचं हसू तिथेच राहिलं. दगड पुढच्या काट्यावर गेला: एक किलो पंचावन्न. त्याच्या पुढच्यावर: नऊशे पासष्ट. सगळ्यांनी सगळ्यांचे काटे पुढे ओढले. गिंडीला न गेलेल्या काट्यांवर दगड बरोबर एक किलो भरत होता. मी हात लावलेल्या काट्यांपैकी फक्त एक, तो पहिला, बरोबर निघाला. मी माझं एक किलोचं पितळ काढून दगडामागोमाग ठेवत गेलो, तेच आकडे. एका दगडाने मला पुरतं उघडं पाडलं.

शेवटचा काटा एका म्हातारीचा होता. नऊशे चाळीस.  "म्हणून माझी टोपली सगळ्यांच्या आधी रिकामी व्हायची," ती म्हणाली. "मला वाटायचं, या वयात माझ्या हाताला गुण आलाय."

मग त्या सगळ्या माझ्यावर तुटून पडल्या. मला कळल्या तेवढ्या शिव्या पुरेशा होत्या, न कळलेल्याही लागल्या. मी खाली मान घालून तिच्या रिकाम्या फळीवर बसलो आणि एकेक काटा पुढ्यात घेतला. शिशाचं सील तोडलं. परवानगीशिवाय ते तोडायचा मला अधिकार नव्हता; खोटी स्मृती भरायचा तरी कुठे होता? काट्याच्या पोटातलं बारीक बटण दाबायचं, रिकामं ताट, एक किलो, दोन किलो, पाच किलो. सोवळ्यातलं पितळ खवल्यांत, रक्तात, चिकट पाण्यात ठेवत गेलो. पाच काट्यांना शिकवायला अर्धा तासही लागला नाही. अर्ध्या तासाच्या कामासाठी मी एका बाईला चोर ठरवलं होतं.

सोमवारचं इथेच उरकून टाकतो. वजनं मी न धुता मालकांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, मी मासे खातो हेही. काटे चुकले होते, एकीची जागा जात होती, हे त्यांनी नुसतं ऐकून घेतलं. मासोळी खातो म्हटल्यावर मात्र उठून उभे राहिले. "अडीच वर्षें आमचे ताटांत जेवलांत," एवढंच म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत तेच पाणी आलं जे आयुधपूजेला यायचं. मग नळाखाली बसून स्वतःच्या हातांनी चिंचेने ती वजनं घासली. महिनाअखेर मी खोलीही सोडली आणि नोकरीही. त्यांना मी फसवलं, हे खरं आहे. पण ज्याला चुकीच्या वजनाची किळस येत नाही आणि माशाच्या खवल्याची येते, त्या माणसाबद्दल मला आजही धड वाईट वाटून घेता येत नाही.

पण मला सांगायचंय ते रविवारचंच, शेवटचं.

काटे परत दिले. म्होरकी उठली आणि मी बसलो होतो त्या फळीकडे बोट करून तिला नुसतं "बस" म्हणाली. माफी वगैरे नाही. बाकीच्या आपापल्या टोपल्यांकडे वळल्या. मी वजनं टॉवेलात बांधत होतो, तेव्हा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मी तुझ्या पायरीवर बसले होते," ती म्हणाली, "तेव्हा तुला ठाऊक होतं?"

नाही म्हणता आलं असतं. पटलंही असतं तिला कदाचित.

"होतं," मी म्हणालो.

तिने मान हलवली, जशी गिऱ्हाइकाचा भाव ऐकून हलवावी. मी फळीवरून उठलो. तिने कोपऱ्यातली बादली उचलली, समुद्राच्या पाण्याने भरलेली, आणि मी बसलो होतो तिथे ओतली. हाताने घासून फळी धुतली, पुन्हा ओतली. मासळीवाल्या बायका बसायच्या आधी जागा धुतातच, माझी मावशीही धुवायची. तिच्या मनात दुसरं काही असेलच असं नाही.

मी मात्र बसस्टॉपपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.